छबुबाईचा केसपेपर

छबुबाईनं उभ्या जन्मात स्वतःच्या नावाचा केसपेपर काढला नव्हता, आणि या गोष्टीचा तिला अभिमान होता. सव्वीस वर्षं ती एका सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात मावशी होती. रक्त पुसायचं, खाट ओढायची, टाके घालताना माणसाचे पाय धरायचे आणि तोंडानं त्याला गावच्या गप्पांत गुंतवून ठेवायचं, ही तिची नोकरी. दवाखान्याचं नाव सांगून उपयोग नाही. बीड जिल्ह्यात तालुक्याच्या कुठल्याही गावी जा, तेच रंग उडालेलं गेट, तीच केसपेपरची खिडकी आणि खिडकीसमोर तीच रांग. रांगेत उभं राहायचं, नाव-गाव-वय सांगायचं, केसपेपर घ्यायचा, मग डॉक्टर. नियम सगळ्यांना सारखा होता. फक्त ज्यांची ओळख होती त्यांना तो लागू नव्हता.

आपल्याकडे माणूस आजारी पडला की घरचे आधी दवाखाना शोधत नाहीत, दवाखान्यात ओळखीचं कोण आहे ते शोधतात. पाटोद्याकडच्या चार-सहा गावांची ओळख म्हणजे छबुबाई. माहेर त्या भागातलं, सासर कड्याजवळचं, आणि दोन्हीकडच्यांना ती सारखीच उपयोगी पडायची. तिकडचा कुणी ताप घेऊन आला, कुणी हात मोडून आला, कुणाला विंचू चावला, तर तो खिडकीकडं फिरकायचाच नाही. रुग्णवाहिका लागते त्या जागेला लागून एक लहान लोखंडी दार होतं. तिथं येऊन तो “मावशी हाईत का?” असं विचारायचा. छबुबाई त्याला आत घ्यायची, हिरव्या पडद्यामागच्या शेवटच्या खाटेवर निजवायची आणि डॉक्टरांना सांगायची की सर, घरचा माणूस हाय.

सर बघायचे. एक इंजेक्शन, एक सलाईन, चार गोळ्या, आणि माणूस आल्या दारानं परत. त्याचं नाव कुठल्या रजिस्टरात चढायचं नाही. पुढारी विजयसिंह यांची माणसंही बिनकागदाची यायची, पण त्यांच्या आधी फोन यायचा. तो दरारा झाला. आपला जिव्हाळा आहे, असं छबुबाईचं म्हणणं होतं, आणि रांगेत ताटकळणाऱ्यांना त्याबद्दल काय वाटतं याचा तिनं कधी फारसा विचार केला नव्हता.

स्वतः आजारी पडली तरी तीच खाट आणि तोच पडदा. सहा वर्षांपूर्वी तिच्या कमरेला नागीण उठली. नागिणीची दोन तोंडं एकमेकांना मिळाली की माणूस जातो, असं आपल्याकडे लहान पोरसुद्धा सांगतं, म्हणून तिनं आधी कड्याकडच्या एका म्हाताऱ्याकडून गेरू लावून नागीण उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पडद्यामागं डॉक्टरांना दाखवली. त्यांनी मलम दिलं. मग न्यूमोनिया झाला. चार दिवस सलाईन चालली, आणि मधून उठून ती दुसऱ्याची खाटही ओढून यायची. मग हगवण लागली ती दीड महिना थांबली नाही. मग तोंड आलं. जीभ दह्यासारखी पांढरी, भाकरीचा घास गिळवेना.

प्रत्येक वेळी डॉक्टर वेगळा होता. तिथं डॉक्टर यायचे ते एका वर्षाच्या बाँडवर, आणि वर्ष भरलं की बॅग उचलून जायचे. ज्यानं नागीण पाहिली त्यानं न्यूमोनिया पाहिला नाही, ज्यानं न्यूमोनिया पाहिला त्यानं पांढरी जीभ पाहिली नाही. ही चार दुखणी कुणी एका कागदावर एकाखाली एक लिहिली असती तर कालच्या पोरानंही रक्त तपासायला सांगितलं असतं. पण कागद निघत नव्हता, कारण माणूस घरचा होता.

आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. छबुबाई मरणाच्या वाटेला लागली होती, आणि दिवसातले आठ तास डॉक्टर-नर्सांच्या गराड्यात काढूनही ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पोलकं सैल झालं, ते तिनं दोनदा शिवून आत घेतलं. कुणी विचारलं तर वय झालं म्हणायची. वय होतं बावन्न.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि वरून एक आदेश आला. एचआयव्हीची तपासणी दवाखान्यात पूर्वीपासून होती, पण ती ठरावीक माणसांची. गरोदर बाईची होते, ऑपरेशनला घ्यायच्या माणसाची होते, टीबी निघाला त्याची होते. जो मोटारसायकलवरून पडतो, चार टाके घालून घेतो आणि घरी जातो, त्याची होत नाही. अपघात विभागात निम्मी माणसं अशीच. वर्षा-दोन वर्षांतून एकदा दवाखान्याचं तोंड बघतात, तेही रक्त वाहत असताना, आणि ते रक्त फरशीवर सांडून जातं. तेव्हा आता चार महिने, अठरा ते साठ वयाचा जो कुणी अपघात विभागात येईल त्याला विचारायचं की तपासणी करून घेता का. हो म्हणाला तर करायची, नको म्हणाला तर सोडून द्यायचं.

हे काम उज्ज्वलाकडं आलं. उज्ज्वला म्हणजे दवाखान्यातली समुपदेशक. नऊ वर्षं कंत्राटावर, परळीकडची, स्वभावानं गरीब आणि बोलण्यात पुस्तकी. ती वही उघडून सुरुवात करायची, “आपणास एचआयव्ही या आजाराविषयी काही माहिती आहे का?” आणि खाटेवरचा माणूस कोपरावर उठून बसायचा. मी काय तसल्यातला वाटलो का, असं विचारायचा. एकानं तर अर्धे टाके झालेला पाय घेऊन चालायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात दहांत एकही तयार होईना.

छबुबाईला ते बघवेना. तिनं उज्ज्वलाला बाजूला बसवलं आणि काम आपल्या हातात घेतलं. तिची रीत निराळी होती. माणसाचा पाय धरता धरताच ती म्हणायची, “रक्त तर वाया चाललंच हाय बापा, त्यातलं दोन थेंब नळीत घालू. माझी बी झालीय. काय व्हत न्हाई.”

या “माझी बी झालीय”नं जादू केली. एवढी म्हातारी, डोक्यावर पदर, कपाळाला काही नाही, हात फिनेलचा वास मारणारे. हिची झाली असेल तर आपली व्हायला काय हरकत, असं माणसाच्या मनात यायचं आणि तो बाही वर करायचा. महिन्याभरात दहांतले सात-आठ हो म्हणू लागले. तालुक्याचे साहेब उज्ज्वलाला शाबासकी देऊन गेले. उज्ज्वला प्रामाणिक होती, तिनं ती मावशींच्या पदरात टाकली.

आता, छबुबाईची तपासणी झालेली नव्हती. कधीच नव्हती. पण आपण खोटं बोलतो असं तिला वाटत नव्हतं. पोराला इंजेक्शन देताना दुखत नाही म्हणून सांगतात, त्यातलंच हे. उज्ज्वलाला वाटायचं की इतकी वर्षं नोकरीत आहेत म्हणजे मावशींची केव्हातरी झाली असेलच. डॉक्टरांना वाटायचं की उज्ज्वलानं केली असेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण ही म्हण छबुबाई रोज कुणाला तरी ऐकवायची, आणि तिच्यावरच ती लागू पडत होती.

चार महिन्यांतल्या पहिल्या तीन महिन्यांत तीन माणसं पॉझिटिव्ह निघाली. नावं उज्ज्वलाच्या कपाटात कुलूपबंद. बाहेर फक्त आकडा कळायचा. छबुबाईला वाटायचं आपण चेहऱ्यावरून ओळखू. ट्रकवाल्यांवर तिचा संशय होता, वाळलेल्या एका पोरावर होता, रंगीत शर्टवाल्या एका बँडवाल्यावर होता. उज्ज्वलानं नाव सांगितलं नाही, पण एवढं म्हणाली की मावशी, तुम्ही ज्यांच्याकडं बघताय त्यातलं कुणीच नाही. छबुबाईला ते पटलं नाही. सव्वीस वर्षं माणसं पाहिली होती तिनं.

फेब्रुवारीत एका दुपारी अजमतबी आली. बसस्टँडवर फळं विकणारी, पन्नाशीला टेकलेली, अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून. पपई कापताना सुरी तळहातात गेली होती. हाताला गुंडाळलेली ओढणी लालभडक, पण तिचं लक्ष सगळं गाड्यावर. शेजारच्या गाडेवाल्याला बघायला सांगितलं होतं आणि तो तिच्या मते एक नंबरचा चोर होता. आठ टाके पडले. छबुबाईनं मनगट धरलं आणि आपलं नेहमीचं सुरू केलं. दोन थेंब, नळी, माझी बी झालीय.

अजमतबी हसली. दवाखानेवाल्यांना झूट बोलायची आदतच असते, म्हणाली. मग स्पष्ट सांगितलं, “तुमी माझ्यासमोर करा, मंग मी करते. न्हाई तर सोडा माझा हात, गिऱ्हाईक खोळंबलं हाय.”

आजूबाजूच्या खाटांवरची चार माणसं ऐकत होती. त्यांतल्या दोघांना विचारायचं अजून बाकी होतं. इथं माघार घेतली तर उद्यापासून आपल्या शब्दाला किंमत राहणार नाही, हे छबुबाईला कळलं. आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. इतके दिवस बोललेलं खरं होऊन जाईल, तेवढंच पाप फिटेल. तिनं स्टूल ओढलं आणि बाही वर केली. अजमतबी तराजूच्या काट्याकडं बघावं तशी सुईकडं बघत होती. नळी भरलेली दिसली तेव्हा तिनं आपला चांगला हात पुढं केला.

तासाभरानं अजमतबीला उज्ज्वलानं आत बोलावलं. ती दोन मिनिटांत बाहेर आली, काही नाही निघालं म्हणून जाता जाता मोठ्यानं सांगून गेली. मग उज्ज्वलानं छबुबाईला हाक मारली आणि दार लावून घ्यायला सांगितलं. ते दार छबुबाईनं हजारदा लावलं होतं, पण बाहेरून.

“मावशी,” उज्ज्वला म्हणाली, “तुमची तपासणी पॉझिटिव्ह आली आहे. वेगवेगळ्या तीन चाचण्या करून बघितल्या.”

छबुबाईच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं: “नळ्या बदलल्या असतील. अजमतबीची आन् माझी.”

उज्ज्वला काही बोलायच्या आत छबुबाईला आपण काय बोललो ते कळलं. आपण हे दुखणं त्या बाईच्या पदरात टाकू बघतोय. बाहेर गाडा उभा असलेली, हातात आठ टाके घेऊन निघालेली बाई. तिला स्वतःची लाज वाटली. “न्हाई,” ती म्हणाली, “तिचं तिला ऱ्हाऊ दे. माझंच परत घे.” उज्ज्वलानं पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच आलं.

मग उज्ज्वला रडली. समुपदेशकानं रडू नये असं तिच्या वहीत लिहिलेलं होतं. नऊ वर्षं मी तुमच्या हातचा चहा पितेय, ती म्हणाली, रस्त्यावरच्या माणसाला थांबवून विचारतेय आणि तुम्हालाच कधी विचारलं नाही. छबुबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. सवयीनं ठेवला, रडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवणं हे तिचं कामच होतं.

दुसऱ्या दिवशी अजमतबी एक मोठी पपई घेऊन आली. दोघींचं चांगलं निघालं म्हणून, म्हणाली. छबुबाईनं ती घेतली, कापली आणि सगळ्या स्टाफला वाटली. एक फोड आपणही खाल्ली.

हे आलं कुठून, याचा विचार तिनं केला नाही असं नाही. नवरा धुळाजी जीपवर ड्रायव्हर होता, कडा ते नगर. नऊ वर्षांपूर्वी गेला. टीबी डोक्यात गेला, एवढंच नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की त्याहून जास्त सांगितलं आणि दिरानं पोचवलं नाही, कोण जाणे. फाईल इंग्रजीत होती. अस्थी सोडायला पैठणला गेले तेव्हा त्याच्या कपड्यांबरोबर घरच्यांनी फाईलही गोदावरीत सोडून दिली. मेलेल्या माणसाचं दुखणं घरात ठेवू नये म्हणतात. दुसरं म्हणजे कचऱ्याच्या बादलीतल्या सुया. दोनदा टोचल्या होत्या. तिनं साबणानं हात धुतला आणि कुणाला बोलली नाही, कारण बोललं की कागद करावा लागतो. तिसरं, लेक रोहिणी झाली त्या बाळंतपणात तिला रक्ताची बाटली चढवली होती, पण ते फार जुनं. तिनं हे सगळं उज्ज्वलाला सांगितलं. उज्ज्वला म्हणाली की मावशी, कुठून आलं ते औषधाला लागत नाही. छबुबाईला हे उत्तर आवडलं. धुळाजीवर राग धरायचा तर तो आता कुठं जाऊन काढणार होती?

यंदाचा डॉक्टर तिच्या रोहिणीहून लहान होता. त्यानं विचारलं की मावशी, आधी काय काय झालं होतं, मागचे कागद आहेत का. कागद नव्हते. मग तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. नागीण, न्यूमोनिया, हगवण, तोंड, दोन वर्षांत उतरलेलं वजन. तो एकाखाली एक लिहीत होता. पाचव्या ओळीला त्याचं पेन थांबलं, आणि हे सगळं इथंच झालं का, असं त्यानं विचारलं. छबुबाईनं हिरव्या पडद्याकडं बोट दाखवलं.

जिल्ह्याच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, पाठवायचं तर चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी केसपेपरवर लिहितात. उज्ज्वला म्हणाली मी आणते, तुम्ही बसा. छबुबाई बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीसमोरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

रांगेत गडबड उडाली. लोक सरकून तिला पुढं जागा देऊ लागले. एक म्हातारा म्हणाला की मावशी, रांग इकडं हाय, तुमचं काम तिकडं. तिनं मान हलवली आणि जागा सोडली नाही. पुढं नऊ माणसं होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिला कळलं की खिडकीवर पत्रा नाही, ऊन सरळ डोक्यावर येतं, आणि चक्कर आली तर धरायला काही नाही.

खिडकीत अभिमन्यू होता. बारा वर्षं तो तिच्याबरोबर नोकरीत. तुम्हाला कशाला पेपर, कुणाचा काढायचाय ते सांगा, म्हणाला. ती म्हणाली माझाच. त्यानं “छबुबाई” लिहिलं आणि हात थांबवला. मग जरा ओशाळून विचारलं, “मावशी, आडनाव काय वो तुमचं?”

“छबुबाई धुळाजी तांदळे,” ती म्हणाली. “वय बावन्न. लिही.”

सेंटरवर तपासण्या झाल्या. टीबी नाही निघाला. रक्तातल्या राखणदार पेशी असतात म्हणे, त्या पाचशेच्या वर हव्यात. तिच्या निघाल्या चौऱ्याण्णव. थोड्या दिवसांचा उशीर झाला असता तर पुढं काय, हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. रोज एक गोळी, जेवण झाल्यावर, एकही दिवस न चुकता, जन्मभर. पहिले पंधरा दिवस डोकं गरगरलं, मग सवय झाली. नोकरीला काही झालं नाही. तसा कायदाच आहे, हे उज्ज्वलानं तिला तीनदा वाचून दाखवलं. दवाखान्यात उज्ज्वला आणि डॉक्टर सोडून कुणाला माहीत नव्हतं. अभिमन्यूला अंदाज आला असावा, पण तो तिला हल्ली रोज आडनावासकट नमस्कार करायचा, बाकी काही नाही.

लेकीला सांगायला ती उमापूरला गेली. रोहिणीचं स्वतःचं भ्यायचं कारण नव्हतं. दोन्ही बाळंतपणांत तिची तपासणी झालेली होती, चांगली निघालेली होती. छबुबाईला वाटलं होतं ती रडेल, किंवा जावयाच्या कानावर जाऊ नये म्हणून दार लावेल. रोहिणी चिडली. भाकरी थापता थापता हात थांबवून म्हणाली, “आई, तू दवाखान्यात नोकरीला नसतीस ना, तर कुणीतरी तुला तपासलं असतं.”

छबुबाई जेवली, नातवाला घेऊन बसली, आणि दुपारच्या एसटीनं परत निघाली.

परतीच्या वाटेवर तिनं आठवायचा प्रयत्न केला की लोखंडी दारानं आपण किती जणांना आत घेतलं. चुलत सासरा, जावेचा भाऊ, माहेरच्या आळीतल्या बाया, त्यांचे नवरे. कुणाचा ताप पुन्हा पुन्हा येत होता, कुणाचं वजन उतरलं होतं, हे तिला आता आठवत होतं, पण कधी, कितव्यांदा, डॉक्टर काय म्हणाले, काही सांगता येईना. दुसऱ्या कुणालाही सांगता येणार नव्हतं. आणि तपासणीच्या चार महिन्यांत तिनं रस्त्यावरच्या शेकड्यानं माणसांना विचारलं होतं. पडद्यामागच्या एकालाही नाही. घरच्या माणसाला असं विचारतात का? गेवराई मागं पडली. आपण माया केली आणि त्या मायेनं माणसं वाऱ्यावर सोडली, असं तिला साफ वाटलं.

जूनमध्ये तिचा भाचा तानाजी आला. भावाचा मुलगा, बत्तिशीचा, ऊस वाहायच्या ट्रॅक्टरवर असायचा. अंगात ताप होता. या वर्षात तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळा छबुबाईनंच त्याला आत घेऊन सलाईन लावली होती, वरून चहा पाजला होता. सवयीप्रमाणे तो लोखंडी दाराशी येऊन उभा राहिला. दाराला कुलूप होतं. उमापूरहून आली त्याच आठवड्यात तिनं ते लावलं होतं, आणि किल्ली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली होती.

ती पुढच्या बाजूनं फिरून त्याच्यापाशी आली आणि म्हणाली की चल, रांगेत उभा राहा. तानाजीला आधी थट्टा वाटली. मग राग आला. आत्या, गावात काय सांगू, आत्याच्या दवाखान्यात मला रांगेत उभं केलं म्हणून? इतकी माणसं आत घेतलीस, मी काय परका हाय का? त्याचं बोलणं रांगेतली माणसं ऐकत होती आणि त्यांना बरं वाटत असावं.

“घरचा हाईस,” छबुबाई म्हणाली, “म्हणून रांगेत ऱ्हा.” आणि ती त्याच्या शेजारी उन्हात उभी राहिली. अभिमन्यूनं पेपर लिहिला. पूर्वी दोनदा ताप येऊन गेला, हेही तिनं त्यावर लिहायला लावलं.

पेपरवर तिसरा ताप वाचून डॉक्टरांनी त्याला उज्ज्वलाकडं पाठवलं. तिच्या खोलीत तानाजी स्टुलावर बसला आणि तपासणीचं नाव काढताच उठला. लग्न होऊन चार वर्षं झालीत, बायको घरी हाय, मला कावून असलं विचारता, म्हणाला. उज्ज्वला नियमाप्रमाणे म्हणाली की नको असेल तर नका करू. छबुबाईनं दार आतून लावून घेतलं.

“माझी बी झालीय,” ती म्हणाली.

हे वाक्य तिनं शेकडो माणसांना ऐकवलं होतं. ऐकून कुणी बाही वर केली होती, कुणी निघून गेलं होतं, एकटी अजमतबी तेवढी हसली होती. पुढचा प्रश्न मात्र आजवर कुणी विचारला नव्हता. तो तानाजीनं विचारला, तोही चिडून, तिला गप्प करायला.

“मंग? काय निघालं?”

उज्ज्वला वहीत बघत राहिली. छबुबाईनं पदर नीट केला. पोलकं तिला आता पुन्हा घट्ट होऊ लागलं होतं, परवाच तिनं एक शिवण उसवली होती.

“निघालं,” ती म्हणाली. “गोळी चालू हाय. उभी हाय न्हवं तुझ्यापुढं?”

तानाजी खाली बसला आणि त्यानं शर्टाच्या बाहीचं बटन काढलं.